नत्थुजी मूर्तिजापुरात कसा हरला

मूर्तिजापूरचा सामना आमी कावून हरलो, हे लोक मले आजबी विचारतात. विचारणाऱ्याले मी पयले शिव्या देतो, मंग चहा देतो, अन् मंग सांगतो. तुमाले शिव्या देऊन झाल्या असं समजा अन् ऐका. मधात बोलाचं नाही. मधात बोलणारा माणूस मले भाजीतल्या केसावानी वाटते.

माहा चुलतभाऊ नत्थुजी हा आमचा कप्तान. आमी अमरावतीचे माळी, बडनेऱ्याच्या वाटेवर आमचे मळे, बांधाले बांध लागून. तवा वऱ्हाड नावाले निजामाचं होतं अन् कामाले नागपूरच्या सरकारचं. नत्थुजी मात्र कोणाचाच नव्हता. त्याची उंची अशी, का बाभळीखालून गेला तं पागोट्यात काटे घेऊन निघे. हात लांब, मिशा लांब, अन् जीभ सगळ्यात लांब. त्याची पत्ताकोबी साऱ्या बाजारात मोठी. कोणी नुसतं 'वा' म्हटलं का हा बी टाकल्यापासून सांगाले बसे. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानातून भाजी घेऊन, घरी जाऊन, जेवून झोपे, तरी याचं शेणखतच चालू राहे.

त्याची बायको वच्छलावहिनी अकोल्याची. तिचा मोठा भाऊ पंजाबराव. तेबी आमच्यातलेच माळी, पण दोन पिढ्याआधी काळ्या मातीत गेले, कपाशी पेरू लागले, अन् तवापासून भाजीवाल्याइकडे जरा वरून पाहाले लागले. पाच वर्षांआधी पंजाबरावच्या पोट्ट्याच्या जावळाचं जेवण होतं. नत्थुजीनं अख्खी गाडीभर पत्ताकोबी नेली. पंगत बसली, अन् पंजाबराव वाढता वाढता म्हणे, "जवाईबुवाची कोबी अन् जवाईबुवा, दोनी बाहेरून मोठे. आत पोकळ."

पंगत हसली. मीबी हसलो, काय करता, हसूच तसं आलं. नत्थुजी भरल्या ताटावरून उठला, बैल जुंपले, बायकोले गाडीत बसवलं अन् निघाला. तवापासून तिचं माहेर बंद. भाऊबीजेले भाऊ नाही तं बायका चंद्राले ओवाळतात. वच्छलावहिनीनं पाच वर्षं चंद्रालेच ओवाळलं. भाऊ जिवंत, आगगाडीनं दोन-अडीच घंट्याच्या वाटेवर, अन् ही अंगणात उभी राहून वर पाहून राहिली. मले तिच्याकडे पाहावत नव्हतं, म्हणून मी त्या दिवशी त्याइच्या घरी जेवाले जात नव्हतो. तिच्या हातच्या करंज्या मात्र दुसऱ्या दिवशी जाऊन खात होतो.

आता खेळाचं. वामनराव मास्तर म्हणून एक कवायतमास्तर मद्रासकडून शिकून आले होते. त्याइनं बास्केटबॉल नावाचा खेळ आणला. परतवाड्याच्या सागाच्या फळ्या, त्याले लोहाराकडून करून घेतलेलं लोखंडी कडं, कड्याले जाळी. पाच पाच गडी. चेंडू जमिनीवर आपटत न्यायचा, हातोहात द्यायचा, अन् कड्यातून टाकायचा. आमी त्याले टोपलीचेंडू म्हणत होतो. जाळीले बूड नव्हतं. आमच्या संघातला भगवंत पयल्या दिवशी म्हणे, "मास्तर, हे टोपली फाटली आहे." मास्तराइनं कपाळाले हात लावला.

पण हातोहात देण्यात आमच्या तोडीचा कोणी नव्हता, अन् याचं कारण गाडी. मळ्यात भाजीची गाडी भरायची तं एक रांग करतात. तोडणारा देते, मधला झेलते, फेकते, अन् गाडीवर जो उभा असते तो दोनी हात वर करून शेवटचा झेलते. पाहा लागत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात दोन वर केलेले हात दिसले का गड्डा सुटलाच. लहानपणापासूनची सवय. एकदा बाजारात एक तहसिलीतला कारकून उभ्या उभ्या आळस देऊन राहिला होता, तं नत्थुजीनं त्याच्या छातीवर पाच शेरी भोपळा हाणला. कारकून खाली, भोपळा वर. नत्थुजी म्हणे, "झेलाचा नव्हता तं हात कायले वर केले?"

नत्थुजीच्या घरी गाडीवर वच्छलावहिनीच उभी राहे. ती वर, हा खाली. दोघाइचा सगळा संसार त्या फेकाझेलीतच झाला म्हणा ना.

तिकडे अकोल्यालेबी मास्तराइनं कपाशीवाल्याइचा संघ काढला. कप्तान कोण? पंजाबराव. एक दिवस तो कामानं अमरावतीले आला अन् बाजारात नत्थुजीसमोर उभा ठाकला. दोघं एकमेकाइशी बोलत नव्हते, म्हणून बिचारे वामनराव मधात.

"मास्तर, त्याइले सांगा, तीन सामने होऊन जाऊ द्या. एक इथं, एक तिथं, एक मूर्तिजापुरात."

"मास्तर, त्याइले सांगा, तीन कायले पाहिजेत, दोनातच आटपते."

"मास्तर, त्याइले सांगा, जो हरला त्यानं भाऊबीजेले दुसऱ्याच्या दारात जाऊन म्हणायचं, 'वाढा.'"

नत्थुजीच्या मिशा थरथरल्या. "मास्तर, त्याइले सांगा, पोळ्या जास्त कराले लागतीन, मी चांगलं वाढतो म्हणावं."

हे सगळं हातभर अंतरावरून. मास्तर मान फिरवून फिरवून मोडाले आले.

घरी हे कळलं तशी वच्छलावहिनी सरळ अंबादेवीले गेली अन् नवस बोलली. काय बोलली म्हणून मी विचारलं. म्हणे, "कोनीबी हरो, भाऊजी. हे हरले तं मी तिकडे जाईन, दादा हरला तं तो इकडे येईन."

सांगा आता! नवरा मैदानात उतरते अन् बायको देवीले सांगते, कोनीबी हरो! मी म्हटलं, "वहिनी, हा नवस आहे का दोनीकडची पावती?" तिनं प्रसादाचा नारळ माह्या हातावर ठेवला. मी खाल्ला. रागात खाल्ला.

गणपती उठल्यावर पयला सामना आमच्याकडे झाला. नत्थुजीनं डाव आखला होता, त्याचं नाव वाफे. मैदानाचे पाच वाफे पाडले, ज्याचा वाफा त्यानं राखायचा. "आपल्या वाफ्यातलं पाणी दुसऱ्याच्या वाफ्यात जाऊ द्यायचं नाही," असं त्यानं आमाले बजावलं. झालं काय, का पंजाबराव चेंडू आपटत भगवंतच्या वाफ्यातून माह्या बांधावर आला, तवा भगवंत म्हणे आता तुहा, मी म्हणो अजून तुहा, अन् आमचं बांधाचं भांडण चालू असताना त्यानं टोपली भरली. माळ्याचं भांडण बांधावर सुरू झालं का लवकर मिटत नाही.

तरीबी जमलं असतं. पण खेळात समोरचा गडी आडवा येते तं कसा येते? दोनी हात वर करून. पंजाबराव हात वर करून नत्थुजीसमोर आला, अन् नत्थुजीनं चेंडू त्याच्या हातात देल्ला. सरळ, सुबक, गाडीवर देल्ल्यावानी. मंग मी देल्ला. मंग भगवंतनं देल्ला. अकोलेवाल्याइले पयले समजेच ना, का हे लोक खेळून राहिले का दानधर्म करून राहिले. मंग समजलं, तं पाचही जण हात वर करून उभे राहिले, अन् आमी पाचही जण गाडी भरत राहिलो. दणकून हरलो. पंजाबराव जाता जाता म्हणे, "मास्तर, त्याइले सांगा, माल पोचला."

त्या रात्री नत्थुजी जेवला नाही. सकाळी आमाले उभं करून नवा कायदा सांगितला. नुसत्या वर केलेल्या हाताइवर विश्वास ठेवायचा नाही. आपला गडी 'टाक' म्हणून वरडला तवाच टाकायचं. 'टाक' म्हटल्याबिगर जो टाकन, त्यानं साऱ्याइचे लंगोट धुवायचे. भगवंतनं आठवडाभर धुतले. मी चार दिवस. नत्थुजीनं स्वतः एकदा धुतले, अन् ते धुताना जो तो पाहाले आला, म्हणून त्याची सवय आमच्या साऱ्याइहून पक्की सुटली. इतकी पक्की, का घरी वच्छलावहिनी गाडीवर हात वर करून उभी अन् हा खाली गड्डा घेऊन खांबावानी उभा.

"अवो, टाका ना! हात दुखले माहे."

"हां, असा आवाज देत जा," नत्थुजी म्हणे, अन् मंग टाके. आता वहिनी बिचारी सकाळपासून गाडी भरेपर्यंत 'टाका, टाका' वरडे. शेजारच्या मळ्यातले बैल बिथरत होते.

दसरा झाला अन् दुसऱ्या सामन्याले आमी अकोल्याले गेलो. वच्छलावहिनी "मले न्या" म्हणाली, तं नत्थुजी म्हणे, "जिंकल्याबिगर त्या गावचं पाणीबी नाही." खरंच त्यानं अमरावतीहून सुरई भरून नेली.

अकोल्यावाल्याइचं एक मजेशीर होतं. कापसाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा अन् बोटं दाबून सौदा करायचा. पंजाबरावनं डावबी तसाच चालवला. खेळ थांबला का सगळे गोळा होत, वरून उपरणं, खाली बोटं. एक बोट म्हणजे हा डाव, दोन बोटं म्हणजे तो. आमाले काही समजू नये म्हणून. पण कपाशीवाला पयल्या भावाले कधी हो म्हणते का? पंजाबरावनं तीन बोटं दाबली का समोरचा दोन दाबे. पंजाबराव पुन्हा तीन, तो अडीच. इकडे मास्तराइनं शिटी वाजवली, आमी 'टाक-टाक' करत टोपली भरली, तरी त्याइचा सौदा उपरण्याखाली चालूच. पंजाबराव लालबुंद झाला. आमी जिंकलो. भगवंत नाचला, मी नाचलो, नत्थुजीनं सुरईतलं पाणी साऱ्या लोकाइसमोर गटगट पेलं.

मंग एक म्हातारी हात चाचपत आमच्याकडे आली. पार्बताबाई, वच्छलावहिनीची माय. डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. माह्या आवाजावरून तिनं मले ओळखलं.

"तू खुशालच ना गा, जवायाचा चुलतभाऊ? माही वच्छी नाही आली?"

"नाही आली, माय. पुढच्या बारीले येईन."

"जाड झाली का गा? का तशीच वाळकी? मले आता सावल्याच दिसतात. वैद म्हणते, दिवाळीपर्यंत काही दिसन तं दिसन. तेवढं तिचं तोंड पाहून घेतलं असतं. मले तं आगगाडीत बसवत नाही."

 नत्थुजी चार हातांवर उभा होता, पाठ करून. धोतराचा काष्टा पुन्हा पुन्हा खोसून राहिला होता. तो आधीच खोसलेला होता.

घरी येऊन मी वहिनीले सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण माह्या पोटात गोष्ट राहत नाही, भाकर राहते. ती चुलीपुढून उठली, पदर तोंडाले लावला अन् खूप रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंबादेवीले गेली.

"आता कायले?" मी विचारलं.

"नवस बदलाले, भाऊजी. दादा हरला तं दादा इकडे येईन. माय कशी येईन?"

मले समजाले जरा वेळ लागला. समजलं तशी माही तळपायाची आग मस्तकात! म्हणजे आता आमीच हरावं म्हणून देवीले साकडं! "नत्थुजीले सांगू का?" म्हटलं. ती म्हणे, "सांगा." पण तिच्या डोळ्याकडे पाहून मी काही सांगितलं नाही. मनात म्हटलं, देवीले काय टोपलीचेंडू समजते?

दिवाळीच्या तोंडावर मूर्तिजापूर. जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागं मोकळं मैदान, तिथं मास्तराइनं फळ्या उभ्या केल्या. दोनी गावचे लोक आगगाडीनं, गाड्यानं, पायी आले. वच्छलावहिनी या बारीले शिदोरी घेऊन आलीच, अन् आमी जी टोपली भरणार होतो तिच्या मागं, रेघेबाहेर, निंबाखाली बसली.

या खेपेले कोणी चुका करेना. त्याइनं उपरणं घरी ठेवलं होतं, आमी बांधाचं भांडण मिटवलं होतं. पंजाबराव हात वर करून नाचला, पण आमच्यातल्या एकानंही माल देल्ला नाही. नत्थुजी तं त्या दिवशी असा खेळला, का मी त्याच्यावरचा सारा राग विसरलो. इकडून टाके, तिकडून टाके, कड्याले न लागता चेंडू आत. तरी अकोलेवालेबी कमी नव्हते. कपाशी गाड्याइत तुडवून तुडवून त्याइच्या पायात अशी उडी होती, का ते वरच्यावर चेंडू काढत. शेवटाले दोनी बाजू बरोबर. मास्तर घड्याळाकडे पाहून राहिले होते.

चेंडू माह्याकडे आला. नत्थुजी टोपलीखाली मोकळा. "टाक!" तो वरडला. मी टाकला. त्याच्याजवळ कोणी नाही, पंजाबराव मागं घसरून पडलेला. आता काय, नुसता हात उचलायचा अन् टोपली! मी तं आधीच उडी मारून ठेवली होती.

अन् तवा निंबाखाली वच्छलावहिनी उभी राहिली. तिनं दोनी हात वर केले. तोंडातून शब्द नाही, नुसते हात.

नत्थुजीनं तिच्याकडे पाहिलं. मंग कंबरेतून वाकला अन् गड्डा टाकतात तसा चेंडू टाकला, टोपलीच्या बाजूनं, रेघेच्या पार, सरळ तिच्या हातात. तिनं झेलला, शिदोरीच्या बाजूले जपून ठेवला, अन् दुसऱ्या गड्ड्यासाठी पुन्हा हात वर केले.

 मास्तराइनं शिटी वाजवली, चेंडू बाहेर, अकोल्याचा. पंजाबराव उठला, त्यानं तिकडच्या तिकडे लांब फेकला, त्याइच्या गड्यानं टोपली भरली, अन् खेळ संपला.

मी नत्थुजीले काय काय बोललो ते इथं सांगता येत नाही, इथं लेकीबाळी आहेत. तो खाली मान घालून म्हणे, "सवय गा, खुशाल. जुनी सवय. हात दिसले अन् सुटला." भगवंत रडला. मी परतीच्या आगगाडीत भिंतीकडे तोंड करून बसलो.

भाऊबीजेले नत्थुजी अकोल्याले गेला, वहिनीले अन् मलेही घेऊन गेला. हरताना सोबत होता तं 'वाढा' म्हणतानाही चाल म्हणे. सोबत आपल्या मळ्यातला सगळ्यात मोठा पत्ताकोबीचा गड्डा. दारात उभा राहून त्यानं घसा खाकरला अन् म्हणे, "वाढा."

पंजाबरावनं मास्तराइले शोधलं. मास्तर नव्हते. मंग पाच वर्षांत पयल्यांदा तोंडावर बोलला, "या, जवाईबुवा." अन् गड्डा घेऊन सगळ्याइसमोर विळीवर उभा चिरला. आत गच्च भरलेला, पानाले पान चिकटलेलं. पंजाबरावनं तो बोटानं दाबून पाहिला. म्हणे, "भरला आहे." नत्थुजी म्हणे, "दोनी भरले आहेत." अन् मंग दोघं असे हसले, का मले वाटलं हेच करायचं होतं तं माहं लंगोट धुणं कायले पाहिजे होतं?

आत पार्बताबाई वच्छलावहिनीले उजेडात बसवून पाहून राहिली होती. अगदी नाकाले नाक लावून. "वाळकीच आहे," ती म्हणे, "पण माह्यासारखीच दिसाले लागली वं तू." वहिनी हसे अन् रडे. मंग तिनं भावाले ओवाळलं. मी बाहेर येऊन उभा राहिलो. डोळ्यात चुलीचा धूर गेला होता.

म्हातारीले संक्रांतीपर्यंत सावल्याबी दिसेनाशा झाल्या. पण ते नंतरचं.

अमरावतीले परतल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी भरणं होतं. मी मधात, नत्थुजी माह्यापुढं, वहिनी गाडीवर. मी गड्डा नत्थुजीकडे देल्ला. वहिनी माहेरच्या गोष्टीत गुंग, नुसतीच हात वर करून उभी राहिली. अन् नत्थुजी गड्डा हातात धरून थांबला. टाकेच ना.

"आवाज दे ना वं," तो म्हणे. "आवाज नाही देल्ला तं मी कसा टाकू?"

"टाका," ती म्हणाली. तवा त्यानं टाकला.

मी तिथंच थबकलो. मागून भगवंतनं मले गड्डा मारला, तोबी कळला नाही.

"नत्थुजी," मी म्हटलं, "मूर्तिजापुरात वहिनीनं आवाज कुठं देल्ला होता?"

तो माह्याकडे वळला नाही. गाडीवर ती पुन्हा हात वर करून उभी होती.

"खुशाल," तो म्हणे, "तू पुढचा गड्डा दे."

मी देल्ला.